अनोळखी पत्त्यावरचा ईमेल: भाषा एआयची, माहिती आपली

१६ जानेवारी १९१३ या तारखेचे एक पत्र मद्रासहून केंब्रिजला गेले. लिहिणारा मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून होता, पगार वर्षाला २० पौंड. ज्यांना लिहिले ते गणितज्ञ जी. एच. हार्डी त्याला ओळखत नव्हते. त्याआधी बेकर आणि हॉब्सन या दोन गणितज्ञांना त्याने लिहून पाहिले होते, पण उपयोग झाला नव्हता. हार्डींचे उत्तर मात्र ८ फेब्रुवारीला निघाले आणि पुढच्या वर्षी श्रीनिवास रामानुजन इंग्लंडच्या बोटीत बसले.

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण अनोळखी माणसाला काही लिहू पाहणाऱ्याने त्यातले दोन तपशील मुद्दाम बघावेत. पहिला असा, की रामानुजन यांनी हार्डींच्या स्तुतीत वेळ घालवला नाही. हार्डींच्या ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या पुस्तिकेच्या ३६व्या पानावर एक विधान होते: दिलेल्या संख्येपेक्षा लहान अशा मूळ संख्या किती, हे सांगणारे नेमके सूत्र अजून मिळालेले नाही. रामानुजन यांनी पानाच्या क्रमांकासह त्यावर बोट ठेवले, खऱ्या उत्तराच्या अगदी जवळ जाणारे सूत्र आपल्याला सापडल्याचे कळवले आणि सोबत आपल्या निष्कर्षांची पाने जोडली. दुसरा तपशील हार्डींनीच नंतर नोंदवला आहे. पत्रातली इंग्रजी सगळी रामानुजन यांची नसावी, मित्रांनी हातभार लावला असावा, असे त्यांना वाटत होते. त्याचे त्यांना काही वाटले नाही, कारण गणित रामानुजन यांचे होते याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

एआयच्या मदतीने ईमेल लिहिण्याचा सगळा विचार या दोन तपशिलांवर उभा करता येतो. ३६व्या पानाचा शोध आपण घ्यायचा, गणित आपले असायचे. इंग्रजीला मित्राची मदत घ्यायला हरकत नाही.

तसा मित्र आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले, जेमिनीचे अॅप जून २०२४ पासून मराठीतही चालते. सोलापूरचा टॉवेल उत्पादक, सांगलीचा बेदाण्याचा व्यापारी, जर्मनीतल्या प्रयोगशाळेत उन्हाळी काम शोधणारी पुण्यातली विद्यार्थिनी, या सगळ्यांना हवा तो मजकूर नीट इंग्रजीत मिळू शकतो. मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी हुशार माणसांनी निव्वळ इंग्रजीच्या धास्तीने परदेशी ग्राहकाला किंवा प्राध्यापकाला कधी लिहिलेच नाही. ती धास्ती बाळगण्याचे कारण आता उरलेले नाही आणि ही मनापासून आनंदाची बाब आहे.

अडचण वेगळीच आहे. सफाईदार इंग्रजी सगळ्यांनाच फुकट मिळू लागल्यावर तिच्यावरून लिहिणाऱ्याबद्दल काही कळेनासे झाले. पूर्वी नीटनेटके पत्र आले की या माणसाने कष्ट घेतले आहेत, एवढे तरी सिद्ध व्हायचे. आज खरेदी विभागाच्या प्रमुखाला सकाळी उघडलेल्या वीस ईमेलमध्ये तोच घोटीव सूर, तीच शुभेच्छेची पहिली ओळ आणि तीच ‘आपल्या सोयीनुसार पंधरा मिनिटे’ दिसतात. मग तो एकही पूर्ण वाचत नाही.

लोकांना नेमके काय खुपते हे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी दिसले. गुगलने जेमिनीची एक जाहिरात दाखवली होती. धावपटू सिडनी मॅक्लॉफलिन-लेव्हरोन हिची चाहती असलेल्या आपल्या लहान मुलीसाठी वडील जेमिनीकडून चाहतीचे पत्र लिहून घेतात, अशी ती कल्पना. अमेरिकेत त्यावर इतकी टीका झाली की गुगलने ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणातून ती जाहिरात काढून घेतली. पत्राच्या व्याकरणाला कोणी नावे ठेवली नव्हती. त्या मुलीला स्वतःला काय म्हणायचे होते याला त्यात जागाच नव्हती, हे लोकांना सहन झाले नाही.

आधी गृहपाठ

समजा, सोलापूरच्या एका कारखानदाराला दुबईतल्या हॉटेलांना टेरी टॉवेल विकायचे आहेत. पहिला मोह होतो तो दोनशे पत्त्यांची यादी मिळवण्याचा. तो टाळून दहा हॉटेले निवडावीत आणि प्रत्येकाविषयी तीन गोष्टी शोधाव्यात. खरेदीचा निर्णय तिथे कोण घेते: खरेदी विभाग, हाउसकीपिंगचे प्रमुख, की सगळ्या शाखांचे मुख्य कार्यालय? त्या हॉटेलात सध्या काय घडते आहे: नवी शाखा, नूतनीकरण, मालकी बदलणे? आणि आपल्या मालाचा त्या घडामोडीशी संबंध काय? उत्तरे हॉटेलच्या संकेतस्थळावर, लिंक्डइनवर, व्यापारी बातम्यांत आणि प्रदर्शनांच्या याद्यांत सापडतात. युरोपचा ग्राहक हवा असेल तर फ्रँकफर्टला दर जानेवारीत भरणाऱ्या हाइमटेक्स्टिल या प्रदर्शनात कोण येते हे पाहून ठेवावे. घरगुती आणि हॉटेलच्या कापडाच्या धंद्यातले मोठे ग्राहक तिथे भेटतात.

या शोधात एआयचा उपयोग होतो, पण एका शिस्तीने. ‘अमुक हॉटेलबद्दल माहिती सांग’ असे मोघम विचारले, की यंत्र उरलेल्या जागा अंदाजाने भरते आणि अंदाज व खरी माहिती एकाच ठाम सुरात सांगते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकील असेच अडकले. एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात त्यांच्या बाजूने दाखल झालेले काही निवाडे चॅटजीपीटीने चक्क रचलेले निघाले आणि ५,००० डॉलरचा दंड बसला. ईमेलमध्ये दंड होत नाही, पण न मिळालेल्या पुरस्काराबद्दल कोणाचे अभिनंदन केले तर तो पत्ता कायमचा बंद होतो.

शिस्त अशी: हॉटेलच्या संकेतस्थळावरचा मजकूर स्वतः उघडायचा, कॉपी करून एआयला द्यायचा आणि सांगायचे, ‘या मजकुरात टॉवेल, खोल्या, नवी शाखा किंवा लाँड्रीशी संबंध असलेली वाक्ये जशीच्या तशी काढून दे. स्वतःकडून भर घालू नकोस.’ हातात येणारी प्रत्येक गोष्ट मूळ पानावर पुन्हा डोळ्यांनी पाहायची. जी दिसली नाही ती ईमेलमध्ये जाणार नाही.

आणखी एक खबरदारी. आपल्या जुन्या ग्राहकांची दरपत्रके, त्यांच्या माणसांचे मोबाइल क्रमांक, करारांच्या प्रती असल्या गोष्टी या साधनांत टाकू नयेत. भारतात वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण त्याही आधी हा विश्वासाचा प्रश्न आहे.

मराठीत बोला, मग लिहवून घ्या

कोरा चौकोन समोर ठेवून ‘टॉवेल विकण्यासाठी ईमेल लिही’ असे सांगणे ही सगळ्यांत वाया जाणारी पद्धत. यंत्राला आपल्याविषयी काही ठाऊक नसते, म्हणून ते कोणालाही लागू पडेल असे लिहिते. त्याऐवजी फोनवर मराठी आवाजी टंकलेखन चालू करावे आणि पाच मिनिटे बोलावे, शेजारच्या कारखानदाराशी बोलतो तसे. आपण काय बनवतो, कोणाला देतो, कुठे आपण इतरांपेक्षा चांगले आहोत, कुठे नाही, आणि याच हॉटेलला का लिहीत आहोत. बोलण्यात येणारे तपशील लिहिताना सुचत नाहीत. सूत कोणते, धुतल्यावर टॉवेल किती आकसतो, कडा का उसवत नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत माग किती दिवस बंद असतात, हे सगळे येऊ द्यावे. दहातले दोनच तपशील कामाला येतील, पण ते दोन दुसऱ्या कोणाकडे नसतील.

हे टिपण आणि हॉटेलच्या संकेतस्थळावरची वाक्ये एकत्र देऊन सूचना अशी करता येईल:

‘वरच्या टिपणावरून आणि हॉटेलच्या मजकुरावरून खरेदी प्रमुखांना इंग्रजीत ईमेल लिही. शंभर ते एकशेवीस शब्द. पहिल्या वाक्यात त्यांच्याकडची नेमकी घडामोड, दुसऱ्यात आमचा तिच्याशी संबंध. टिपणात नसलेला दावा, आकडा किंवा विशेषण घालू नकोस. कौतुक नको. शेवटी एकच विनंती. माहिती अपुरी असेल तर लिहिण्याआधी मला प्रश्न विचार.’

यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. ते वाचून यंत्र विचारते: किमान ऑर्डर किती? नमुना मंजूर झाल्यावर माल किती दिवसांत निघतो? कापडाला एखादे प्रमाणपत्र आहे का? सध्याचा कोणता ग्राहक तुमच्याविषयी सांगू शकेल? परदेशी खरेदीदारही हेच विचारणार असतो. उत्तरे तयार नसतील तर ईमेल थांबवावा आणि आधी ती तयार करावीत.

आता फरक पाहू. ढिलाईने मागवलेला ईमेल मराठीत सांगायचा तर असा येतो:

‘आदरणीय महोदय, आपण कुशल असाल अशी आशा आहे. आमची कंपनी टेरी टॉवेलच्या क्षेत्रातील एक अग्रगण्य नाव असून जागतिक दर्जाची उत्पादने स्पर्धात्मक दरात पुरवण्यास कटिबद्ध आहे. आपल्या नामांकित हॉटेलशी दीर्घकालीन संबंध प्रस्थापित करण्यास आम्ही उत्सुक आहोत. चर्चेसाठी आपल्या सोयीची वेळ कळवावी.’

‘टेरी टॉवेल’ खोडून ‘पंपाचे वॉल्व्ह’ घातले तरी यातले काही बिघडत नाही. ही चाचणी प्रत्येक वाक्यावर करून पाहावी. आपल्या स्पर्धकालाही जे वाक्य जसेच्या तसे पाठवता येईल, ते काढून टाकावे. वरच्या ईमेलमध्ये मग ‘आदरणीय महोदय’ सोडून काही उरत नाही.

गृहपाठ केलेला ईमेल असा असू शकतो. आकडे नमुन्यादाखल आहेत:

‘विषय: नव्या १४० खोल्यांसाठी बाथ टॉवेल, सोलापूरहून नमुना

नमस्कार. आपले दुसरे संकुल ऑक्टोबरमध्ये सुरू होत असून त्यात १४० खोल्या आहेत, असे आपल्या संकेतस्थळावर वाचले. आम्ही सोलापुरात हॉटेलांसाठी टेरी टॉवेल विणतो: पूर्ण सुती, ५०० जीएसएम, ७० बाय १४० सेंटीमीटर. पुण्यातील दोन हॉटेले चार वर्षांपासून हे टॉवेल वापरतात. त्यांच्या हाउसकीपिंग प्रमुखांशी आपले बोलणे करून देता येईल. किमान ऑर्डर ५०० नग. नमुना मंजूर झाल्यापासून साधारण ३५ दिवसांत माल न्हावा शेवा बंदरातून निघतो. आपण पत्ता कळवलात तर दोन टॉवेल आमच्या खर्चाने पाठवतो. आपल्या लाँड्रीत वीस वेळा धुऊन पाहावेत आणि मग ठरवावे.’

खाली नाव, हुद्दा, मोबाइल, कारखान्याचा पत्ता आणि निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक.

या मजकुरात फुशारकीचे एकही विशेषण नाही. खोल्यांचा आकडा दाखवतो की लिहिणाऱ्याने पाहून लिहिले आहे. जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे कापडाचे वजन, खरेदीदार याच मापात विचार करतो. आणि वीस वेळा धुऊन पाहण्याचे वाक्य कारखान्यातून आलेले आहे. हॉटेलचा टॉवेल धुण्यात टिकतो की नाही, हीच हाउसकीपिंगची खरी काळजी, हे त्या धंद्यातल्या माणसाला माहीत असते. ते टिपणात आले नसते तर यंत्राने त्या जागी ‘उत्कृष्ट टिकाऊपणा’ लिहिले असते.

मागणे एकच, तेही लहान

अनोळखी माणसाकडे काय मागावे, याचा आणखी एक धडा भारतीय विज्ञानाच्याच इतिहासात आहे. ४ जून १९२४ रोजी ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना आपला एक लहानसा शोधनिबंध पाठवला. ओळख नव्हती. बोस यांनी लिहिले की निबंध छापण्याजोगा वाटला तर तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या नियतकालिकात छापून आणण्याची व्यवस्था करावी, कारण जर्मनमध्ये भाषांतर करण्याइतकी ती भाषा आपल्याला येत नाही. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेवरील निबंधाचे इंग्रजी भाषांतर आपणच केले होते, हेही त्यांनी कळवले. आइन्स्टाइननी निबंधाचे भाषांतर स्वतः केले आणि तो त्याच वर्षी छापून आला.

नियतकालिकाचे नाव ठरलेले, काम ठरलेले, आणि आवडले नाही तर सोडून देण्याची मोकळीक दिलेली. जुना धागाही खरा आणि तपासता येण्याजोगा. ‘माझ्या संशोधनाला मार्गदर्शन करावे’ असे बोस यांनी लिहिले असते तर आइन्स्टाइनना नेमके काय करायचे हे कळले नसते.

अलीकडचे एक उदाहरण कोल्हापूरचे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे दाखवली आणि त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नाही. समाजमाध्यमांवर संताप उसळला, पण कंपनीचे उत्तर आले ते महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या अध्यक्षांनी लिहिलेल्या पत्राला. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, ही बाजू पक्की होती. श्रेय द्यावे आणि कारागिरांबरोबर काम करावे, ही मागणी स्पष्ट होती. प्राडाने लेखी उत्तरात भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली आणि पुढच्या महिन्यात कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच गोष्ट जास्त लागू पडते. जर्मनीच्या डाड या संस्थेची वाइज शिष्यवृत्ती भारतीय विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात तिथल्या प्रयोगशाळेत पाठवते, पण तिथला प्राध्यापक स्वतः शोधून त्याची संमती आधी मिळवावी लागते. म्हणजे अर्जाची पहिली पायरीच अनोळखी ईमेल. अशा प्राध्यापकांकडे ‘आपल्या संशोधनाने मी भारावून गेलो’ असे लिहिलेल्या ईमेलचा ढीग असतो. विद्यार्थ्याने त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचावा. अवघड वाटला तर परिच्छेदागणिक एआयकडून मराठीत समजून घ्यावा, त्यावर प्रश्न विचारायला सांगून स्वतःची परीक्षा घ्यावी. एआयचा हा उपयोग ईमेल लिहवून घेण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मग कोणत्या आकृतीत काय पाहिले, तसलेच कोणते काम आपण कॉलेजच्या प्रकल्पात केले, कोणत्या महिन्यांत किती आठवडे येऊ शकतो आणि खर्च शिष्यवृत्तीतून भागणार आहे, एवढे चार-पाच वाक्यांत लिहावे. खर्चाचे वाक्य पुष्कळ विद्यार्थी संकोचाने गाळतात. प्राध्यापकासाठी निर्णय त्यावरच सोपा होतो.

यंत्राला वाचायला बसवा

मसुदा झाला की एआयचे काम उलटे करावे. नवे संभाषण उघडून ईमेल चिकटवावा आणि म्हणावे, ‘तू या हॉटेलचा खरेदी प्रमुख आहेस. तुझ्याकडे दिवसाला पन्नास विक्रेते लिहितात. हा ईमेल वाचताना कोणत्या वाक्याला थांबशील आणि का? कोणता दावा तुला खरा वाटत नाही?’ लिहिताना गोड बोलणारे हे यंत्र तपासायला बसवले की बऱ्यापैकी परखड होते. त्याची प्रत्येक सूचना मानायची गरज नाही, पण ते जिथे अडले तिथे माणूसही बहुधा अडतो.

दुसरी तपासणी मराठी लेखकांसाठी फार महत्त्वाची. तयार झालेला इंग्रजी ईमेल परत मराठीत करून घ्यावा आणि आपल्या मूळ टिपणाशेजारी ठेवून वाचावा. ‘साधारण ३५ दिवस लागतात’ याची बघता बघता ‘३५ दिवसांत पोहोचवण्याची हमी’ झालेली असते. ‘पुण्यातली दोन हॉटेले’ वाढून ‘भारतभरातली आघाडीची हॉटेले’ झालेली असतात. यंत्र खोटेपणा करायला निघालेले नसते, त्याला विक्रीचा सूर मोठा करायची सवय असते. पण परदेशी ग्राहक तो ईमेल जपून ठेवतो आणि माल उशिरा पोहोचला की तोच पुढे करतो. त्या वाक्याची जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

इनबॉक्स गाठण्याचे तंत्र, कायदा आणि वेळ

अनाहूत व्यापारी ईमेलचा पहिला ज्ञात प्रकार ३ मे १९७८ चा. डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या तेव्हाच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले. पत्ते इतके होते की ते वरच्या रकान्यात न मावता मजकुरात सांडले. लोक संतापले, तरी थर्क यांच्या सांगण्यानुसार विक्री चांगली झाली. तो काळ गेला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी ठोक पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्याला एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या, म्हणजे हजारात तिघांच्या, खाली ठेवाव्या लागतात.

दहा-वीस ईमेल पाठवणाऱ्याचा या आकड्यांशी थेट संबंध नाही, पण दोन गोष्टी त्यानेही करून घ्याव्यात. कंपनीच्या नावाचा पत्ता वापरावा आणि संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी करून घ्याव्यात. ईमेल खरोखर आपल्याच नावाच्या सर्व्हरवरून निघाला, याची ती खूण असते. तपासणे सोपे आहे: स्वतःच्या जीमेलवर एक ईमेल पाठवावा, तो उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबावे आणि तिन्हींपुढे ‘पास’ आहे का पाहावे. पहिल्या ईमेलला जड कॅटलॉग जोडू नये, दुव्यांची माळ लावू नये.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार व्यापारी ईमेलचा विषय फसवा असता कामा नये, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता त्यात हवा, आणि ‘पुन्हा पाठवू नका’ असे कोणी कळवले तर दहा कामकाजाच्या दिवसांत ते पाळावे लागते. कंपनीने कंपनीला लिहिलेले ईमेलही यातून सुटत नाहीत. म्हणून आधी संवाद झाल्याचा भास करण्यासाठी विषयाआधी ‘आरई’ लावण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नये. जर्मनी त्याहून कडक आहे. तिथे जाहिरातीचा ईमेल कंपनीला पाठवायलाही आधी संमती लागते. जर्मन खरेदीदारासाठी प्रदर्शनातली भेट किंवा टपालाने गेलेले पत्र हा सरळ मार्ग. प्राध्यापकाला केलेली विद्यार्थ्याची विनंती ही जाहिरात नव्हे, तिची काळजी नको.

वेळेचेही भान हवे. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी सरकारी कार्यालये अर्धा दिवस चालतात. सौदी अरेबियात आठवडी सुट्टी शुक्रवार-शनिवार. दुबईसाठी जमलेले वेळापत्रक रियाधला चालत नाही. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार.

उत्तर आले नाही तर सात-आठ कामकाजाच्या दिवसांनी एकदा आठवण करावी, आणि त्यात काहीतरी नवे असावे: धुलाईच्या चाचणीचा अहवाल, नव्या मापाचा टॉवेल, विद्यार्थ्याच्या बाबतीत दरम्यान पूर्ण झालेला प्रकल्प. ‘माझा आधीचा ईमेल पाहिला का’ एवढेच विचारायचे असेल तर न पाठवलेले बरे. त्यानंतर थांबावे. काही साधने आपोआप पाच-सहा आठवणी पाठवण्याची सोय देतात. छोट्या उद्योजकाने तिच्या नादी लागू नये, कारण दुबईच्या हॉटेलांचे खरेदी प्रमुख एकमेकांना ओळखतात.

उत्तर आलेच तर त्याच दिवशी, आणि शक्यतो स्वतःच्या शब्दांत लिहावे. पुढचा टप्पा फोनचा किंवा व्हिडिओ कॉलचा असतो आणि तिथे एआय शेजारी बसलेले नसते. ईमेलमध्ये जे लिहिले ते तोंडाने, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, सांगता आले पाहिजे. ५०० जीएसएम का निवडले, कमी वजनाचा टॉवेल का नाही, हे मनापासून समजावून सांगणाऱ्या उत्पादकाची इंग्रजी कोणी तपासत नाही.

सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात दहाच नावे लिहून काढा. प्रत्येकापुढे त्या माणसाविषयीची किंवा संस्थेविषयीची एक पडताळलेली गोष्ट आणि ती कुठे वाचली तो पत्ता, मराठीत, एका ओळीत लिहा. ज्या नावापुढे ओळ कोरी राहील ते या खेपेला वगळा, बाकीच्यांना लिहा.